शिवेपलीकडची शाळा

हळद शिजवून, वाळवून, ढोलातून काढून मोंढ्यावर गेली की आमच्याकडं घरोघर एकच विषय निघतो. लेकरू यंदा कुठं टाकायचं? गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की दारात पिवळी गाडी येते त्या इंग्लिश मीडियमला? शहरातल्या माणसाला वाटतं, हा प्रश्न खेड्यात आत्ता आत्ता आला. टीव्ही आला, मोबाईल आला, तसा हाही आला. तसं नाही. साखऱ्याच्या पंचक्रोशीत हा प्रश्न शंभर वर्षांचा तरी आहे. फक्त तेव्हा गाडी नव्हती, बैलगाडी होती, आणि इंग्लिश मीडियमच्या जागी वऱ्हाड होता.

साखरा आज हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही परभणीवाले, आणि १९४८ च्या आधी निजामाचे. आमच्या तालुक्याची उत्तरेकडची शीव ओलांडली की रिसोड लागतं. ते वऱ्हाड. निजामानं कर्जापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, पुढं १९०३ मध्ये इंग्रजांनी तो मध्य प्रांताला जोडला. कागदावरची ही उलाढाल कुठल्या कुठं झाली, पण तिचा परिणाम आमच्या शिवेवर उतरला. जमीन तीच, ज्वारी तीच, सोयरीक तीच, बोली थोडी इकडची थोडी तिकडची. आणि शाळा मात्र दोन वेगळ्या मुलखांतल्या. तिकडं मराठी शाळा सरकारी कामकाजाचा भाग होऊन बसलेली. इकडं कारभाराची भाषा उर्दू. चौथीपर्यंत कुठं मराठी असलीच तर असली, पुढं शिकायचं तर माध्यम उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण द्यायचं हा त्या काळात मोठा धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलं पाहिजे. पण ती देशी भाषा आमच्या घरात बोलली जात नव्हती.

त्यामुळं आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात पटवारी, गिरदावर, पेशकार, मुन्सिफ हे शब्द असत आणि ते लिहिता येणारा माणूस गावात एखादा. बाकीच्यांनी अंगठा पुढं करायचा. १९५१ च्या जनगणनेत सगळ्या हैदराबाद राज्यात साक्षर माणसं शंभरात दहासुद्धा भरली नाहीत. बायांचं तर विचारूच नका.

मग ज्याला लेकरू शिकवायचं असेल त्यानं काय करायचं? आमच्या घरातल्या जुन्या गोष्टींत याचं उत्तर एका शब्दात असे : मामा. वऱ्हाडात मामा असेल तर भाच्याला तिकडं ठेवायचं. रिसोड, वाशीम, कुणी पार अकोल्यापर्यंत. वर्षाला दोन पोती ज्वारी, तुपाचा डबा मामाच्या घरी पोचवायचा, आणि पोरानं तिथं मराठी शाळेत जायचं. तिकडचे लोक आमच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. मोगलाईतलं पोरगं म्हणून ते वर्गात चेष्टेचं धनी व्हायचं. तरी शिकून यायचं. ज्याचा मामा शिवेच्या अलीकडं, त्याच्या नशिबी गुरं. म्हणजे शाळा निवडायची मोकळीक तेव्हाही होती. फक्त ती आईच्या माहेरावर अवलंबून होती, आणि ज्या आईच्या माहेरावर ती अवलंबून होती त्या आईच्या लेकीला ती कधीच नव्हती.

दुसराही एक रस्ता होता. लोकांनी स्वतः शाळा काढायच्या. निजामाच्या राज्यात खासगी शाळेला परवानगी लागे आणि ती सुखासुखी मिळत नसे, कारण शाळा काढणारी माणसं पुढं काय करतील याचा राज्यकर्त्यांना बरोबर अंदाज होता. तरी हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरी, सेलूला नूतन विद्यालय. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला मास्तर होते, हे आपण विसरतो. स्टेट काँग्रेसचे पुढारी ते नंतर झाले. १९३८ मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबादच्या कॉलेजातून आणि उस्मानियातून पोरं काढून टाकली, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठानं जागा दिली. त्या काढलेल्या पोरांत पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. पुन्हा तेच : इकडचं दार बंद झालं की शिवेपलीकडं जायचं. आमचा सगळा शिक्षणाचा इतिहास असा पाय वर करून बसलेला आहे.

पोलीस ॲक्शन झाली, १७ सप्टेंबर १९४८. पण शाळा दुसऱ्या दिवशी सकाळी उगवली नाही. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ही तारीख आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवायची. कारण प्राथमिक शाळा त्या दिवसापासून जिल्ह्याच्या लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हातात आली. आता शाळा गावात आली म्हणजे इमारत आली असं नाही. मारुतीच्या देवळात, कुणाच्या वाड्याच्या ओसरीत, पावसाळ्यात चावडीत, जिथं जागा मिळेल तिथं. गुरुजी बहुतेक पश्चिम महाराष्ट्राकडचे किंवा वऱ्हाडातले, कारण आमच्याकडं मास्तर होण्याइतकी शिकलेली माणसंच कमी. ज्या मुलखाला पोरं पाठवली, त्याच मुलखातून गुरुजी आणले. वऱ्हाडी गुरुजी 'मोगलाईत' आले आणि आमच्याच ज्वारीवर राहिले. परतफेड म्हणा.

त्या काळाबद्दल लोक फार गोड लिहितात, ते मला पटत नाही. पाटलाचं पोरगं आणि सालगड्याचं पोरगं एका वर्गात बसलं, हे खरं. पण अनेक गावांत मांगवाड्या-महारवाड्यातली लेकरं दाराशी बसत, पाण्याला त्यांचा हात लागू देत नसत, हेही तितकंच खरं. पोरी चौथीनंतर गळत. पेरणीच्या आणि खळ्याच्या दिवसांत पट निम्मा होई. आमच्या वेळी बसायला प्रत्येकानं घरून पोतं न्यायचं. पोत्यावरून कोणाच्या घरी किती पिकतं ते कळे. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची. तेव्हा पट वाढला होता, हे मला पक्कं आठवतं. त्यावर आमचे एक गुरुजी म्हणत, "पोट आलं की पट आला." पुढं १९९५ मध्ये सरकारनं शाळेतून तांदूळ द्यायला सुरुवात केली, मग खिचडी शिजू लागली, तेव्हा त्यांची आठवण आली.

फीचा प्रश्न यशवंतराव चव्हाणांच्या काळात बराचसा मिटला होता. ई.बी.सी. म्हणत त्याला, वर्षाला बाराशेच्या आत उत्पन्न असलं की फी माफ. पटवाऱ्याकडून दाखला आणायचा. मराठवाड्यातली एक अख्खी पिढी त्या दाखल्यावर मॅट्रिक झाली. त्याच्या उलट १९९२ चा एक निर्णय बघा. मागास घटकांतल्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया भत्ता. तेव्हा एक रुपयाला काहीतरी येत होतं. पण पुढं तीस वर्षं तो रुपया रुपयाच राहिला. मजुरी वाढली, आमदारांचा भत्ता वाढला, पोरीचा रुपया हलला नाही.

तरी त्या कच्च्या शाळेत एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. आमच्या भागातल्या एका गावची हकीकत सांगतो. गावाचं नाव कशाला? तिथं एक गुरुजी आठवड्यातून दोन दिवस यायचे. पहिले दोन महिने लोक गप्प बसले. मग गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारानं शाळेला कुलूप ठोकलं, चावी धोतराच्या सोग्याला बांधली, आणि चार माणसं घेऊन एस.टी.नं परभणी गाठली. दोन दिवस तिथं मुक्काम. तिसऱ्या दिवशी बदलीचा कागद घेऊनच परतले. त्यांना शिक्षणाची फार कळकळ होती असं नाही. स्वतः सहीपुरते शिकलेले. त्यांचा स्वतःचा नातू त्या शाळेत तिसरीत होता. एवढंच. नातवासाठी भांडले आणि त्यांच्या सालगड्याच्या पोराला फुकटात नवे गुरुजी मिळाले. सुधारणा, सुधारणा म्हणतात ती खेड्यात अशी होते. ज्याचा आवाज साहेबापर्यंत पोचतो, त्याचं लेकरू त्या शाळेत असावं लागतं.

१९८७ नंतर खडू-फळा मोहिमेत खोल्या आल्या, दुसरे गुरुजी आले. २००० च्या सुमारास वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. बारावी झालेली गावातलीच पोरं तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागली. शाळा जेव्हा खरंच सगळीकडं पोचली, नेमकी तेव्हापासून ती रिकामी व्हायला लागली, हा त्यातला विरोधाभास. असं का झालं, याचं एकच कारण सांगणारा माणूस मला भेटला की मी विषय बदलतो. कारणं बरीच होती. २००० मध्ये सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं. हेतू चांगला, पण लोकांनी त्याचा अर्थ घेतला की सरकारच म्हणतंय, इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. मग इंग्रजी शिकवायचीच तर पुरती इंग्रजी शाळा का नको? त्याच वर्षी शिक्षणसेवक आला : महिना तीन हजार, तीन वर्षं. डी.एड. करून आलेल्या पोराला रोजगार हमीच्या आसपासचा पगार. कायम विनाअनुदानित शाळांचं धोरण आलं; त्यातला 'कायम' शब्द निघायला २००९ उजाडलं. तोवर किती मास्तरांनी दहा-दहा वर्षं बिनपगारी शिकवलं, आणि दुपारनंतर वावरात काम केलं, हे खेड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. २०१२ पासून जिल्हा परिषदेची भरती बरीच वर्षं थांबली. गुरुजी निवृत्त होत गेले, जागा तशाच राहिल्या; राहिलेल्यांच्या गळ्यात मतदार यादी, सर्वेक्षण, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती. आणि २०१२ च्याच कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडलं.

विश्वास कुठं तुटला ते मी सांगू शकतो. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पटपडताळणी झाली, बोटाला शाई लावून लेकरं मोजली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या महाराष्ट्रात. पटावरची लाखो मुलं जागेवर नव्हतीच. खासगी अनुदानित संस्था त्यात होत्या, सरकारी शाळाही होत्या. शाळेत नसलेल्या पोरांच्या नावावर तुकड्या, तुकड्यांच्या नावावर पदं, पदांच्या नावावर पैसे. पारावर बसलेल्या माणसानं पेपरात ते वाचलं आणि म्हणाला, "पटच खोटा तर पाढे कशाचे खरे?" त्या माणसाला सगळ्या शाळा एकाच माळेत ओवायचा अधिकार नव्हता, पण त्यानं ओवल्या.

मग गाव सोडून शाळेला जायची रांग लागली. पहिली लेकरं नोकरदारांची गेली, त्यात खुद्द गुरुजींची. मग सरपंच-सदस्यांची, कृषी केंद्रवाल्यांची, मग दहा एकरवाल्यांची. आता दोन एकरवालाही गाडी लावतो. फी, गाडीचं भाडं, दोन गणवेश, बूट, टाय धरून एका लेकराला आमच्याकडं एका एकराचं सोयाबीन जातं. भाव पडला तर दीड एकराचं. लोक म्हणतात, हे अडाणी लोक टायला भुलले. मी असं म्हणणार नाही.

आमच्या घरीच गेल्या उन्हाळ्यात याच्यावर वाजलं. पुतण्याचं म्हणणं, मुलगा तालुक्याला टाकायचा. तो स्वतः चाकणला कंपनीत चार वर्षं काढून परत आला. सुपरवायझरची जागा इंग्रजी बोलता येईना म्हणून गेली, असं त्याच्या मनात घट्ट बसलेलं. मी माझी नेहमीची बाजू लावली : गावच्या शाळेत घाला, समितीवर जा, शाळेवर लक्ष ठेवा. सूनबाई भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली,

"मामा, तुमच्या टायमाला पाटलाचं पोरगंबी तुमच्याच शाळेत होतं. आता कोणाचं हाय? सरपंचाचं नाही, गुरुजीचं नाही. मपल्या एकट्या लेकरावर गावची शाळा सुधारायची का? लेकराचं वरीस गेलं तर ते कोण देणार वापस?"

पुतण्या हसला. मी हसलो नाही. त्या बाईनं दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यावर अमेरिकेत सत्तर वर्षं वाद चालू आहे. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये मांडलं की सरकारनं शाळा चालवू नये, बापाच्या हातात शिक्षणाची हुंडी द्यावी आणि त्याला वाटेल त्या शाळेत ती वटवू द्यावी. मग गिऱ्हाईक जाईल या भीतीनं शाळा आपोआप सुधारतील. चिलीनं १९८१ पासून ते करून पाहिलं. तिथं ज्यांना जमलं ते गेले, आणि सरकारी शाळांत गरिबांची गर्दी राहिली. आपल्या जवळचा दाखला हवा तर आंध्रचा घ्या. तिथल्या खेड्यांत २००८ पासून चार वर्षं चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेची फी भरून दिली. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात ही मुलं सरकारी शाळेत राहिलेल्यांच्या पुढं नव्हती. हिंदी तेवढी बरी आली. मात्र खासगी शाळा हे सगळं सरकारच्या एक तृतीयांश खर्चाच्याही आत करत होती. म्हणजे दोन्ही बाजूंना भांडायला मसाला मिळाला. सरकारी शाळेच्या कैवाऱ्यांनी पहिलं वाक्य उचललं, खासगीवाल्यांनी दुसरं. कमी खर्च कशामुळं? मुख्यतः मास्तरला कमी पगार. ते गणित आम्ही शिक्षणसेवकाच्या तीन हजारांत आधीच पाहिलेलं होतं.

आणि शिकणं म्हणाल तर तेही डोळ्यांआड करून चालत नाही. 'असर'ची माणसं दर काही वर्षांनी खेड्यात येऊन पोरांकडून धडा वाचून घेतात. देशातल्या खेड्यांत पाचवीतल्या निम्म्याहून जास्त लेकरांना दुसरीचं पुस्तक नीट वाचता येत नाही, असं २०२२ मध्येही दिसलं. गावच्या शाळेची बाजू घेणाऱ्यानं हे वाक्य दिवसातून एकदा मोठ्यानं म्हणावं.

आपल्याकडं हुंडीसारखी सोय शिक्षणहक्क कायद्यात आहे. कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या लेकरांना, फी सरकार भरणार. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ते कायम केलं. पण खासगी शाळा जिथं आहेत तिथंच या जागा; म्हणजे शहरात, तालुक्याच्या गावी, रस्त्याच्या कडेला. तांड्यावरच्या पोराला अंतराच्या अटीतच जागा मिळत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या सरकारनं नियम बदलला : खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेनं पंचवीस टक्के द्यायची गरज नाही. मुंबई हायकोर्टानं त्याला मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्दच केला. बरं झालं. कारण त्या नियमाचा साधा अर्थ असा होता की पैसेवाल्यानं निवडावं आणि गरिबानं जवळ असेल त्यात समाधान मानावं. जवळची शाळा चांगली आहे असं सरकारला खरंच वाटत होतं, तर तिथं आधी साहेबांची लेकरं यायला हवी होती.

मला मात्र या वादात एक गोष्ट खुपते. त्या पंचवीस टक्क्यांसाठी मोबाईलवर फॉर्म भरणारा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला गोळा करणारा, सोडतीची तारीख लक्षात ठेवणारा बाप कोण असतो? तोच, जो उद्या शाळेला कुलूप ठोकून साहेबाकडं गेला असता. गरीब असला तरी चळवळ्या. कायदा त्यालाच हात धरून बाहेर काढतो. मागं राहतात ते ज्यांना साहेबापुढं उभं राहता येत नाही. त्या बापानं जाऊ नये असं मी म्हणू शकत नाही. त्याच्या लेकराचा तो हक्क आहे. पण शाळेतून काय गेलं त्याचा हिशेब पटावर एक आकडा कमी झाला इतकाच मांडतात, तेवढा तो नसतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं हेच उलट्या बाजूनं सांगितलं होतं. वरच्या लोकांना शिकवा, मग विद्या झिरपत खाली येईल, या सरकारच्या समजुतीवर त्यांनी बोट ठेवलं, शेतकऱ्यांच्या करातला पैसा शेतकऱ्यांच्या पोरांच्या प्राथमिक शाळांवर घाला म्हणाले, आणि बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते आपल्या राज्यापुरतं करूनही दाखवलं. त्यांच्या मनातली शाळा सगळ्यांची होती. गरिबांसाठीची वेगळी शाळा हे प्रकरण आपण नंतर तयार केलं.

आता दुसरं टोक. पट कमी झाला की शाळा बंद. २०१७ च्या शेवटी सरकारनं दहाच्या आत पट असलेल्या तेराशेच्या वर शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरवलं. २०२२ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली. अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर निघाल्या. मग 'समूह शाळा' हा शब्द आला : लहान शाळा एकत्र करायच्या, मोठी शाळा, प्रयोगशाळा, मैदान, आणि लेकरांना गाडी. दोन मास्तरांनी चार इयत्ता सांभाळायच्या हे काही बरं नाही, हे मलाही मान्य आहे. समूह शाळेची कल्पना मुळात वाईट नाही. पण आमच्याकडच्या रस्त्यांनी पावसाळ्यात गाडी येईल का, हे ती कल्पना काढणाऱ्यानं ओढ्याला पूर आला त्या दिवशी येऊन बघावं. आणि पोरगं जाईल हो गाडीनं. पोरीला धाडतील का? जुन्या काळी मामाच्या गावाला पोरगीच गेली नव्हती.

१५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे नवे निकष आले, आणि त्या सप्टेंबरात लहान पटाच्या शाळेवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय. त्याविरुद्ध राज्यभरातल्या गुरुजींनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. लोकांना गुरुजींच्या पगाराचा राग असतो, म्हणून मोर्चाकडं कुणी आपुलकीनं पाहिलं नाही. पण त्या कागदात गुरुजींपेक्षा तांड्याचं जास्त होतं.

सुधारलेल्या शाळा नाहीत असं नाही. शिरूर तालुक्यातलं वाबळेवाडी घ्या. गावानं जमीन दिली, पैसा उभा केला, आणि इंग्लिश मीडियमची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये जगातल्या सर्वोत्कृष्ट शिक्षकाचा पुरस्कार घेऊन आले. पेपरवाले अशा वेळी गुरुजींचा फोटो छापतात. छापावा. पण मला त्या फोटोच्या मागं उभी असलेली माणसं बघायची असतात : गाव कुणाच्या लेकरासाठी पेटून उठलं? गुरुजी तर बदलून जातात.

आमच्या भागातल्या एका वस्तीची यंदाची गोष्ट सांगून थांबतो. वस्ती बहुतेक ऊसतोड्यांची. शाळेत पहिली ते चौथी, गुरुजी एक. जूनमध्ये वस्तीतल्या दोन बायांनी आपली लेकरं पिवळ्या गाडीतून काढली. तत्त्वासाठी नाही, गाडीत दाटीनं बसवून नेतात, आणि फी थकली की लेकराला वर्गाबाहेर उभं करतात, म्हणून. त्यांच्यामागं आणखी तिघी आल्या. मग त्या पाचही जणी एका कचेरीत गेल्या, सोबत वस्तीतला एक पोरगा लिहायला. म्हणणं एकच : आमची लेकरं आणली, दुसरा गुरुजी द्या. साहेब चांगला माणूस होता. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पट विचारला. एकोणीस, त्या म्हणाल्या, आणि पाळण्यातली दोन धरली तर एकवीस. साहेबही हसला. मग म्हणाला, "बाई, पद ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. तवर लेकरं टिकवा."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. सप्टेंबरचं काही नव्हतं. मुकादमाची उचल घेऊन झालेली होती आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान टोळी कारखान्यावर जाणार होती. सप्टेंबरला एकोणीस असणारा पट डिसेंबरात आठ होतो, हे त्यांना ठाऊक होतं, साहेबालाही ठाऊक होतं. हंगामी वसतिगृह मंजूर झालं तर लेकरं आज्यांजवळ राहतील, शाळा चालेल. त्याचा अर्ज वेगळा. तोही त्याच दिवशी त्या पोरानं तिथंच पायरीवर बसून लिहिला, पाचही जणींनी सह्या केल्या. तिघींनी अक्षरात, दोघींनी अंगठा.

सूनबाईनं तिचं लेकरू अजून गाडीतून काढलेलं नाही. पण त्या अर्जाचं काय झालं, हे ती दर आठवड्याला मला विचारते.